खाण्यास तयार

१४ जानेवारी २०२५

मनकर्णाच्या तोंडावर थुंकायचं ठरवूनच गेले होते. थुंकले नाही.

ललितला जाऊन आठवडा होतोय. माझा धाकटा भाऊ. रेल्वेत गार्ड होता. बायको गेल्यापासून दोन्ही वेळचं जेवण मनकर्णाच्या खानावळीत, बडनेरा रोडला. संध्याकाळी एक पेग, आणि सोबत डुकराच्या सॉसेजच्या थंड चकत्या — वर कांदा, लिंबू, तिखट. हीच त्याची चैन.

डिसेंबरच्या शेवटी ताप आला. मग मान आखडली. मग माणसं ओळखेना. मला "सिस्टर" म्हणाला! मणक्यातलं पाणी तपासलं, रिपोर्टवर नाव आलं — लिस्टेरिया. पोरगेला डॉक्टर मला समजावून सांगायला लागला. मी म्हटलं, बाळा, मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यात माझा जन्म गेला, तू औषधाचं बोल. औषध साधंच होतं. उशिरा सुरू झालं, एवढंच.

मनकर्णा पायरीवर बसली होती. मागे खानावळीला सरकारी सील. मांडीवर सूप, लसूण सोलत होती.

"मारा ताई. मारा, पण येवढं सांगा, म्या केलं काय? पाकीट फोडलं, ताटलीत मांडलं, लिंबू पिळलं. त्याच्यावर लिवलंच हाय तसं. सुनेनं वाचून दाखोलं मले."

रिकामं पाकीट तिने जपून ठेवलं होतं. मी चष्मा लावला. "कापलेले पोर्क सॉसेज. खाण्यास तयार. शिजवण्याची गरज नाही."

"लसूण कोणासाठी सोलतेस?"

"कोनासाठी नाही. हात बसत नाही रिकामे."

घरी आले तर शेजारीण तिळगूळ घेऊन दारात. गोड बोला म्हणे! वडी घेतली आणि दार लावलं.

१५ जानेवारी

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात पत्ता आहे. अकोला, मूर्तिजापूर रोड. मालकाचं नाव विपुल.

विपुल. ठीक आहे.

१९ जानेवारी

मोबाईलवर त्याची मुलाखत बघितली. कुठल्या तरी लोकल चॅनेलची. पस्तिशीचा असेल. पांढरा शर्ट, हातात दोरे. म्हणतो, "आमचा माल फॅक्टरीतून एकदम ओके जाते. आता पुढे त्या वस्तीत, त्या खानावळीत काय होते ते आम्ही कसं सांगावं? तिथली साफसफाई तर सगळ्यायलेच माहीत आहे."

त्या वस्तीत!

मी त्याच वस्तीत वाढले. बाबांनी पोटाला चिमटा घेऊन मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. सिस्टर बेनेडिक्टा रोज सकाळी नखं तपासायची. बाकीच्या मुलींची एकदा, माझी दोनदा. ती कधीच काळी निघाली नाहीत. एकदाही नाही. मला वाटतं, तिला त्याचाच राग यायचा.

तिथल्या प्रार्थनेत क्षमा करण्याची एक ओळ होती. ती आली की मी नुसते ओठ हलवायचे. आवाज काढायचे नाही. पन्नास-पंचावन्न वर्षं झाली त्याला, पण बरं केलं असं आज वाटतं.

२२ जानेवारी

शेजारीण म्हणते, "ते खाल्लं म्हणूनच झालं हो. ते खाऊच नये." मी म्हटलं, तुमच्या पनीरमध्येही हाच जंतू बसतो, आईस्क्रीममध्येही बसतो, त्याला सोवळंओवळं नाही. तेव्हापासून बोलत नाही. तेवढीच शांतता.

या जंतूला मी चांगली ओळखते. बाकीचे थंडीत झोपतात, हा फ्रीजमध्ये वाढतो. हळूहळू, पण वाढतो. कारखान्यात एकदा शिरला की मोरीत, मशीनच्या सांध्यात, पात्याच्या मागे, रबराला चीर असेल तिथे घर करतो. स्वतःभोवती चिकट थर धरतो आणि त्याच्या आत पडून राहतो. वरून क्लोरीनचं पाणी मारा, फेस काढा, पुसा — वरचे मरतात, आतले बसलेलेच. मशीन सुरू झाली, गरम झाली, हादरली, की चकतीचकतीला लागून बाहेर पडतो. वर्षानुवर्षं एकाच मशीनमध्ये तोच जंतू! धुण्याने जात नाही. मशीन पूर्ण उघडून, वाफेवर काढून, चिरलेला भाग फेकला तर जातो. आणि हे कोणीही करत नाही, कारण वरून तर सगळं चकचकीत दिसत असतं.

विपुलही चकचकीत दिसतो.

३० जानेवारी

अकोल्याला जाऊन आले. आधी फोन केला होता — भाचीचं रिसेप्शन आहे, मोठी ऑर्डर आहे. सिल्कची साडी, मोत्यांच्या कुड्या, आणि सिस्टर बेनेडिक्टाचं इंग्रजी. तो "या मॅडम, बसा मॅडम" करत मागेपुढे.

सगळं दाखवलं. पांढऱ्या फरश्या, स्टीलची टेबलं. फिनेलचा वास इतका की डोळे चुरचुरले. चकत्या पाडायची मशीन मध्यभागी — टेबलावर बसवलेली, परदेशी, जुनी घेतलेली. हँडल मोडलेलं, त्याला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पात्याच्या खालच्या रबराला चीर. मी बघितलीच.

"तुम्ही स्वतः कुठलं सॉसेज खाता?" मी विचारलं.

"छे छे मॅडम! आम्ही शुद्ध शाकाहारी. घरी अंडंही चालत नाही. हा तर धंदा आहे."

म्हणजे त्याचंच त्याला खाऊ घालायचा माझा एक बेत होता, तो गेला. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

तो फोनवर बोलायला बाहेर गेला तेव्हा पर्समधले निर्जंतुक बोळे काढून पातं, रबर, मोरी पुसून घेतली. रुमालाने नाक पुसल्यासारखं करून. माझी जुनी ज्युनिअर माया नागपूरला प्रयोगशाळेत आहे. तिला पाठवले.

६ फेब्रुवारी

मायाचा फोन. काहीच वाढलं नाही. सगळे कोरे.

गाढव मी! फोन करून गेले. त्याने आदल्या रात्रीपासून धुऊन ठेवलं असणार.

९ फेब्रुवारी

दीपमाला आली होती नागपूरहून. ललितची एकुलती एक. तिला दिवस गेलेत, चौथा लागलाय. डोळ्यांखाली काळं, पण पोटावर हात ठेवून हसली. म्हणाली, "आत्या, बाबा गेले. आता सोड ना. भंतेजी काय म्हणाले पुण्यानुमोदनाला? वैराने वैर शमत नाही."

भंतेजी बरोबरच म्हणाले. मी ऐकलंही. पण आधी विपुल.

२१ फेब्रुवारी

धर्मेंद्र अन्न खात्यात अधिकारी आहे. कधीकाळी माझ्या हाताखाली शिकायला होता, अजून "मॅडम" म्हणताना उभा राहतो. त्याच्यामागे लागून सरकारी तपासणी करवली. हे ध्यान सकाळी नऊला गेलं! मशीन सुरू व्हायच्या आधी! सगळं ओलं, धुतलेलं. नमुने स्वच्छ.

"धर्मेंद्र, चोर झोपलेला असताना जाऊन विचारलंस की चोरी केलीस का?"

"मॅडम, साहेबांनी वेळ दिली होती. गाडी तेव्हाच होती."

२४ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी एक माणूस खोका घेऊन आला. आत बर्फ, आणि सॉसेजच्या चकत्यांची सीलबंद पाकिटं. वर विपुलचं कार्ड. त्याला कळलंय मी कोण ते. लगेच फोनही आला.

"आजी, नमस्कार. रिपोर्ट क्लीन आला, ऐकलं असेल. म्हटलं आजीले प्रेमानं पाठवावं. आता बिनधास्त खा. भावाचं वाईट झालं, पण एक सांगू का? वय झालं की माणूस जातेच. उगा कायले आपलं बी.पी. वाढवता?"

मॅडमची आजी झाले! मी म्हटलं, "थँक यू, विपुल. किती विचारपूस करतोस." असं गोड बोलले की जिभेला मुंग्या आल्या.

पाकिटं ओट्यावर मांडून बराच वेळ बसले. रडू आलं, तेही रागाचं. फेकायला उचललीसुद्धा. मग तारीख वाचली. एप्रिलच्या मध्यापर्यंत चांगलं राहील म्हणतो. फ्रीजमध्ये ठेवा म्हणतो.

आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसायला लागले.

सीलबंद! बॅच नंबरसकट! मालकाने स्वतःच्या हाताने पाठवलेलं! आज तपासलं तर कदाचित एखाददुसराच जंतू असेल, हाताला लागणार नाही. पण हा थंडीत वाढतो. त्याला फक्त वेळ पाहिजे. वेळ माझ्याकडे भरपूर आहे, पेन्शनवाली बाई मी.

धर्मेंद्रला बोलावलं. त्याच्यासमोर पाकिटांना त्याचं सील लावून घेतलं. फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा केला. दूध, भाजी सगळं शेजारणीकडे. (बोलायला लागली. फ्रीज बिघडलाय सांगितलं.)

८ मार्च

महिला दिनाचा गुलाब दिला कॉलनीत. फ्रीजवर ठेवला. आतल्यांसाठी.

१९ मार्च

मनकर्णा आता दोन घरी पोळ्या लाटायला जाते. जिने इतकी वर्षं रोज शंभर ताटं वाढली ती. एका घरी म्हणाले, बाई, हात साबणाने धुवा. रोज म्हणतात. "रोज धुतो ताई. दोनदा धुतो," ती म्हणाली.

दोनदा. मी उठून आत गेले, उगाच पाणी प्यायले.

४ एप्रिल

पाकिटं गेली नागपूरला. तारखेच्या आत. धर्मेंद्र स्वतः घेऊन गेला, बर्फात.

१२ एप्रिल

आला! प्रत्येक पाकिटात आला! मायाचा फोन. "मॅडम, मोजता येत नाहीत इतके." हॉस्पिटलने ललितच्या अंगातला जंतू राखून ठेवला होता, त्याच्याशी जुळवला. तोच. सख्ख्या भावंडांसारखा.

ललित, ऐकलंस?

१७ एप्रिल

मायाचा फोन आला त्याच दिवशी धर्मेंद्र गेला होता, या वेळी न सांगता. भर दुपारी, मशीन चार तास चालल्यावर. मी शिकवल्याप्रमाणे पातं उघडायला लावलं. म्हणाला, पात्यामागे पिवळट लगदा, नखाने खरवडावा लागला, आणि विपुलचा चेहरा चुन्यासारखा. रिपोर्ट यायचा तो आलाच. खानावळीचं सील निघतंय. कारखाना बंद.

मनकर्णाला जाऊन सांगितलं. तिने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "चहा टाकू?"

२३ एप्रिल

विपुल आला होता. घरी. पांढरा शर्ट होता, पण चुरगळलेला. मी पाणी दिलं. चहा नाही.

"काकू, मी चुकलो. बोलायले नको होतं तसं. बाबाले अटॅक येऊन गेला. लोकायचं देणं आहे. तुम्ही साहेबायले एक शब्द टाका."

आजीची काकू झाले. मी त्याला विचारलं, "मनकर्णाकडे गेला होतास?"

"कोण मनकर्णा?"

बस. एवढंच ऐकायचं होतं.

२५ एप्रिल

धर्मेंद्रने दोन वाटा सांगितल्या. एक — कारखान्याला सील राहील, मशीन तोडून नष्ट करायचा वेगळा आदेश निघेल. सुनावणी, तारखा, पावसाळा उलटेल. कोपऱ्यात गुपचूप होईल सगळं. दुसरी — परवाना रद्द, आणि सामान विकायची त्याला मोकळीक. देणेकरी तर दारात बसलेच आहेत, म्हणजे या पंधरवड्यातच रस्त्यावर मांडून विकावं लागेल.

"मशीन धुऊन, निर्जंतुक करून विकावी अशी अट टाकतो मॅडम. तक्रारदार तुम्ही आहात. तुमचं म्हणणं काय?"

मला त्याला उन्हात उभं बघायचंय. चारचौघांत. वस्तीतली माणसं सामान हाताळून बघत असताना.

म्हटलं, विकू दे.

६ मे

अकोल्याची विक्री बघून आले. पारा पंचेचाळीसच्या वर, डांबर चपलेला चिकटत होतं. त्याच्या गेटसमोर स्टीलची टेबलं, फ्रीझर, वजनकाटे, सगळं मांडलेलं. ती मशीनही, पिवळ्या पट्टीची, उन्हात चकाकत. भंगारवाले येऊन लाथेने वाजवून बघत होते. विपुल डोक्यावर रुमाल टाकून उभा. एकाने विचारलं, "काय भाऊ, डुकराची कंपनी तुमचीच का?" तो मान खाली घालून हो म्हणाला.

मी समोरच्या रसवंतीत बसून उसाचा रस प्यायले. आलं-लिंबू टाकून. मग दुसरा. त्याने मला बघितलं. मी ग्लास जरा वर उचलला.

इतकी गाढ झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

१६ मे

मनकर्णाची खानावळ उघडली! भंतेजींनी वंदना घेतली, वस्तीतली सगळी आली. आता सॉसेज नाही, मटण नाही. साधं वरण-भात, पोळी, झुणका, आणि या उन्हाळ्यात ताटात भरपूर काकडी-बीट-कांदा. काकडी तर अशी कापलेली की पलीकडचं दिसावं. मी म्हटलं, मनकर्णा, या वयात हात काय चालतोय तुझा! ती नुसती हसली. लाजल्यासारखी.

दीपमाला बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. सातवा लागलाय. उन्हाने जेवण जात नाही, काकडी मात्र वाटीभर खाते. मनकर्णाने जाहीर करून टाकलं — "बाळ होईपर्यंत डबा माझा. बापाले खाऊ घातलं, आता लेकीले घालतो. पैशाचं नाव काढसान तर पाहा."

२९ मे

डबा रोज येतो. दीपमालाच्या गालावर रंग आला. आज बाळाने लाथ मारली ती मला हाताला लागली. चांगली सणसणीत! आत्याआजीवर गेलंय.

विपुलची आठवणही येत नाही. म्हणजे येते, पण रसाच्या चवीसारखी.

११ जून

पहाटेपासून दीपमालाला ताप. अंग मोडून आलंय, पाठ दुखते म्हणते. हवा बदलली, व्हायरल असेल.

मनकर्णा डबा घेऊन आली. तापाचं ऐकून कळवळली. "काकडी द्या तिले, थंडी थंडी. आताच मशीनवर कापून आणली."

मी म्हटलं, कुठली मशीन?

"सांगनारच होतो ताई, पन मनात म्हटलं ताई हसन. घरी ठेवली हाय. अकोल्याच्या भंगारवाल्याकून घेतली. त्या विपुलचीच! हँडल मोडलं हाय, पट्टी लावली हाय पिवळी, पन चालते झकास. म्हटलं, त्यानं आपल्याले वस्ती म्हटलं ना, आता त्याच्या मशीननं आपली काकडी कापावी! आन् ताई, हातासारखीच — रोज दोनदा धुतो मी तिले."

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या विचारू लागल्या, ताप किती, खोकला आहे का. मी त्यांना मध्येच थांबवलं आणि जंतूचं नाव सांगितलं. म्हटलं, रिपोर्टची वाट बघू नका, औषध आत्ता सुरू करा, आम्ही निघालोच.

मनकर्णा रिक्षा आणायला धावली आहे. तिला अजून काही सांगितलेलं नाही.